झोपाळा आणि मोरी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की द्वारकेजवळच्या माझ्या मामांच्या घरी झोपाळा खाली उतरतो. वर्षातून एकदाच उतरतो, आणि त्या दिवशी मला बोलावणे येते. मामा स्टुलावर चढून तुळईच्या आकड्यांतून कड्या सोडवितात, मी खालून पाट तोलून धरतो, आणि मामी "सांभाळा, सांभाळा" असे म्हणत आम्हां दोघांच्याही जिवाला घोर लावतात. पाट भिंतीला टेकतो. कड्या मागच्या मोरीवर जातात. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन मामी त्या घासू लागल्या, की वर्षभर काळवंडलेले पितळ हळूहळू हसू लागते. हा झोपाळा मामांच्या वडिलांनी करून घेतलेला. पाट सागवानी, आणि कड्या नाशिकच्या भांडी बाजारातल्या.

तेवढी एक दुपार झोपाळ्यावाचून ती पडवी ओकीबोकी दिसते. पडवीहूनही ओकेबोके दिसतात ते मामा. कुठे बसावे हे त्यांना कळत नाही. खुर्चीवर बसतात, उठतात. पायरीवर बसतात, पुन्हा उठतात. मामी मोरीवरून म्हणतात, "एक दुपार तुमच्यावाचून झोपाळ्याचे काही अडणार नाही!"

गेल्या वर्षीच्या अशाच एका दुपारी जे बोलणे झाले, त्यातून हा लेख निघाला आहे. प्रश्न तसा साधा आहे. कामाधामातून मोकळ्या झालेल्या माणसाने नुसते बसून राहावे काय? त्याला तसा हक्क आहे काय? आणि असलाच, तर तो हक्क कोणाकोणाला आहे?

नाशिक ज्यांनी पाहिले आहे त्यांना द्वारका म्हणजे काय हे सांगावयास नको. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याहून येणारा रस्ता जिथे एकमेकांना भिडतात तो हा चौक. २०१३ साली वरून उड्डाणपूल गेला, तेव्हा खालची गर्दी हलकी होईल असे आम्हां भाबड्यांना वाटले होते. गर्दीने आपले घर दुमजली करून घेतले, एवढेच झाले. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात. आमची हॉर्नच्या आवाजात बुडाली आहे.

पण चौकातून चार गल्ल्या आत शिरले, की मामांचे बैठे घर लागते. पुढे रस्ता आणि मागे परसू. परसू तरी केवढे? माझ्या शाळेतल्या एका वर्गाएवढे. एक शेवगा, एक पेरू, एक सीताफळ, कुंपणाशी जास्वंद आणि अडुळसा, मध्ये तुळशीवृंदावन, डाव्या कोपऱ्यात मोरी आणि तिच्यावर धुणे वाळत घालण्याची दोरी. या परसाकडे तोंड करून मागच्या पडवीत तो झोपाळा टांगलेला आहे. पायाने जमिनीला जरा रेटा दिला, की तो कुरकुरत पुढे जातो आणि कुरकुरतच मागे येतो. ही कुरकुर मामांनी तेल घालून कधी घालविली नाही. ती गेली तर आपण एकटे पडू, असे ते म्हणतात.

मामा नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात होते. १९२५ साली सुरू झालेल्या या छापखान्याला नाशिककर नुसते ‘प्रेस’ म्हणतात. पोस्टाची तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट अशा गोष्टी तिथे छापल्या जातात. मामांचे काम छापून आलेल्या तिकिटांचे ताव तपासण्याचे. शाई कुठे फाकली आहे, रंग कुठे उतरला आहे, दात्यांची ओळ कुठे चुकली आहे, हे बघावयाचे, आणि सदोष ताव बाजूला काढावयाचा. तीसएक वर्षे त्यांनी हेच केले. ते एकदा मला म्हणाले, "अरे, तुला गंमत सांगतो. लाखो ताव माझ्या हाताखालून गेले असतील. त्यांतले जे चुकलेले होते, त्यांतले काही अजून डोळ्यांपुढे उभे राहतात. पण बिनचूक तावांपैकी एकही आठवत नाही. चूक नसेल तर ताव पुढे सरकायचा. तो मी पाहिलाच नाही म्हणेनास!"

हे ऐकून मी मनात चपापलो. कारण माझ्या धंद्यातही तेच चालते. वह्या तपासताना लाल शाई जिथे थांबते तिथेच माझी नजर थांबते. जे ओळीमागून ओळी बरोबर लिहिते, त्या पोराचे अक्षर मला चेहऱ्याशी जुळविता येत नाही. आम्ही दोघेही पाहण्याचा पगार घेत आलो. पण पाहणे म्हणजे उणे शोधणे, एवढीच आमची समजूत.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मामांचे फार हाल झाले, आणि त्याहून अधिक मामींचे झाले. ताव नव्हते, पण तपासणारी नजर शाबूत होती. ती घरावर फिरू लागली. डब्यांची झाकणे, कपाटातल्या घड्या, पोळ्यांचे काठ. मामींनी एके दिवशी ताट पुढे ठेवीत सांगून टाकले, "माझ्या पोळ्यांना तुमच्या तिकिटांसारखे दाते नसतात. आहे तशी खा, परत पाठवू नका." त्या दिवसापासून मामा मागच्या पडवीत झोपाळ्यावर जाऊन बसू लागले. म्हणजे त्या बसण्याची सुरुवात वैराग्यातून झाली नाही, हकालपट्टीतून झाली.

तिथेही पहिले काही दिवस त्यांनी परसू तपासून काढले. पेरूची पाने किडीने खाल्ली आहेत, कुंपण वाकले आहे, शेवग्याची एक जाडशी फांदी वाळून गेली आहे. फांदी तोडण्यासाठी त्यांनी कोयतेवाल्या माणसाला बोलावूनही आणले. मामी म्हणाल्या, "पावसाळ्यापर्यंत राहू द्या. ती काय खायला मागते तुमच्याजवळ?" मामांनी कारण विचारले नाही. भांडण नको म्हणून फांदी राहिली.

माघाच्या सुमारास त्या फांदीच्या खालच्या अंगाला एक हिरवा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी चिकटलेला मामांना दिसला. कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, आणि चोचीभोवती मिशा फुटल्यासारखे राठ केस. तो लाकडावर चोच मारीत होता आणि भुसा खाली पडत होता. हा तांबट. भर दुपारी टुक् टुक् टुक् असा एका लयीत त्याचा आवाज चालतो. तांब्याच्या हंड्यावर कोणी ठोके घालीत असावे तसा. ज्या नाशकात तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला, तिथे तरी या पक्ष्याच्या नावाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागू नये. मामांनी तो आवाज जन्मभर ऐकला होता. आवाज करणारा त्यांनी साठी उलटल्यावर पाहिला.

दोन-तीन आठवड्यांत फांदीला रुपयाएवढे गोल भोक पडले आणि तांबटाची जोडी आत-बाहेर करू लागली. मामा मला मुद्दाम बोलावून दाखवीत होते. म्हणाले, "मी हिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारला होता. आणि आख्ख्या झाडात हीच एक फांदी त्यांच्या कामाची निघाली. हिरव्या, निरोगी लाकडात त्यांची चोच चालत नाही. मऊ पडलेले, मेलेले लाकूडच त्यांना लागते." थोडे थांबून म्हणाले, "आता मला सांग, दोष कशाला म्हणायचे?"

त्यानंतर मामा खरोखर बसू लागले. शिंपी पक्ष्याने अडुळशाच्या पानाच्या कडा टाचून पिशवी केली, ती त्यांनी पाहिली. शिंजिराने कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून आपले लोंबते घरटे बांधले, ते पाहिले. भारद्वाज दिसला की शकुन होतो एवढेच आपल्याला ठाऊक. तो कुंपणाखाली चालत-चालत गोगलगायी आणि किडे कसे टिपतो, हे त्यांनी तासन्‌तास पाहिले. मुंगूस कोणत्या वेळी येते, खारी कशावरून भांडतात, पिंगळ्यांची जोडी तिन्हीसांजेला कोणत्या तारेवर बसते, हे ते सांगू लागले. कोणी भेटले आणि "सध्या काय करता?" असे विचारले, की ते उत्तर देत, "बसतो."

हे उत्तर लोकांना खपत नसे. मलाही खपत नव्हते. आपल्या भाषेत ‘रिकामा’ ही शिवी आहे. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, रिकामे डोके सैतानाचे घर असते. रिकाम्याच्या वाट्याला आपण एकही चांगली म्हण ठेवली नाही. मी स्वतः वर्गात खिडकीबाहेर पाहणाऱ्या एका मुलाला तासभर उभे केले आहे. बाहेर काय पाहत होतास, हे मी त्याला विचारले होते. पण ते विचारणे उत्तरासाठी नव्हते. त्यालाही ते कळले, म्हणून तो काही बोलला नाही. त्याला काय दिसत होते हे मला आजतागायत ठाऊक नाही.

तेव्हा मामांच्या बसण्याची बाजू घ्यावयाची, तर मला मोठमोठे साक्षीदार शोधावे लागले. पहिली साक्ष धर्मशास्त्राची. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. आयुष्याचा एक भाग कमाईबाहेरचा असावा, ही कल्पना पेन्शनहून फार जुनी आहे. वन तर आता राहिले नाही. वर्गाएवढे परसू राहिले. मामा तिथवर गेले, तर त्यांनी शास्त्राला धरूनच केले म्हणावयाचे.

दुसरी साक्ष एका शाळामास्तराची आहे, म्हणून मला ती विशेष जवळची. फ्रान्समधले झां आंरी फाब्र बरीच वर्षे शिक्षकी करून, पैशापैशाला महाग राहून, १८७९ साली पंचावन्नाव्या वर्षी सेरिन्यां नावाच्या गावी एक दगडाधोंड्यांची, काट्याकुट्यांची पडीक जमीन विकत घेते झाले. पिकाला निरुपयोगी, पण गांधीलमाश्यांना आणि किड्यांना ती हवी होती, म्हणून यांना हवी होती. १९१५ साली वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी मरण येईपर्यंत त्या भल्या माणसाने तिथे किडे पाहिले. आपल्याकडचे मारुती चितमपल्ली तसेच. वनखात्यातली नोकरी संपल्यावर त्यांचे पाहणे संपले नाही. त्यांचा ‘पक्षीकोश’ निवृत्तीनंतरचा आहे. २०२५ साली ते गेले, तेव्हा कित्येक पाखरांची मराठी नावे पोरकी झाल्यासारखे वाटले.

आणि नाशिकचीच साक्ष हवी असेल, तर मोहम्मद दिलावर यांची घ्यावी. चिमणी कोण बघतो? ती तर घरातलीच. पण ती कमी होते आहे हे ज्यांना दिसले आणि ज्यांनी ते चारचौघांत बोलून दाखविले, त्यांत हे नाशिककर पुढे होते. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जगभर चिमणीचा म्हणून पाळला जातो. चिमण्या कमी झाल्या हे कळण्यासाठी आधी कोणीतरी त्या असताना त्यांच्याकडे पाहिलेले असावे लागते.

ही सगळी साक्ष मी गेल्या वर्षी, झोपाळा खाली उतरलेल्या त्या दुपारी, मामांच्या पुढे मोठ्या उत्साहाने मांडली. मामा खूश झाले. पण पायरीवर बसल्या-बसल्या त्यांनी एक शंका काढली. "फाब्रने पुस्तके लिहिली, चितमपल्लींनी कोश केला. त्यांचे बसणे फळाला आले. मी तर काही लिहीत नाही. मग माझे बसणे फुकटच ना?"

मी म्हणालो, "तसे नव्हे, मामा. फळाशिवायही पाहण्याला किंमत आहे. मुंडकोपनिषदात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांची गोष्ट आहे. दोघे सखे आहेत. एक गोड फळ खातो. दुसरा खात नाही, नुसता पाहतो. त्या पाहणाऱ्याची थोरवी ऋषींनी गाइली आहे. तुम्ही तीसएक वर्षे खाणारा पक्षी होता. आता पाहणारा झालात."

मामींचे हात कड्या घासता-घासता थांबले. मोरीवरून त्यांनी विचारले, "आणि त्या न खाणाऱ्या पक्ष्याला वेळेवर चहा कोण देत होते?"

आम्ही दोघेही हसलो. मामी हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा राख घेतली आणि कडी फिरवून दुसऱ्या बाजूने घासावयास सुरुवात केली.

हसू ओसरल्यावर माझ्या ध्यानात आले, की मी आणलेल्या एकाही साक्षीदाराला हा प्रश्न विचारण्याचे मला सुचले नव्हते. मनुस्मृतीत वनात जाणाऱ्याने पत्नीला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे असे आहे; तिचे केस पिकले म्हणजे तिने काय सोडावे, याचा विचार नाही. मामा साठाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यांना हार घातला, नारळ दिला, भाषणे झाली. मामींचे काम त्या दिवशी कमी झाले नाही. दुपारचा एक चहा आणि एक माणूस वाढला. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ निघाली. पण मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस होते. या आकड्यांना म्हातारपणी हार घालणारे कोणी भेटत नाही.

आणि बोट मामांकडेच कशाला दाखवू? मी शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो. लिहिताना माझ्या टेबलावर चहाचा कप येतो आणि रिकामा कप जातो. माणसांच्या मनाचे बारकावे टिपण्याचा मला मोठा अभिमान. पण तो कप कोणत्या वेळी येतो आणि आणणारीचे त्या दिवशी डोके दुखत होते की काय, हे माझ्या टिपणवहीत कधी आलेले नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९३२ साली रिकामपणाची तरफदारी करणारा निबंध लिहिला. त्यांनी मात्र एक गोष्ट लपविली नाही. आजवर थोड्यांना फुरसत मिळाली ती पुष्कळांच्या कष्टांवर, असे त्यांनी स्पष्ट म्हटले, आणि चार तासांचे काम सर्वांना वाटून दिले तर फुरसतही सर्वांना मिळेल असा हिशेब मांडला. हिशेब मला पटतो. त्यात स्वयंपाकघर धरावयाचे, ही दुरुस्ती मामींची.

पण त्या दुपारचा खरा धक्का मला पुढेच बसावयाचा होता. मामा जरा ओशाळून म्हणाले, "अगं, पण तूही बसत जा की. तांबट किती सुंदर दिसतो, तुला काय सांगू!"

मामी म्हणाल्या, "मला काय सांगता? तुम्ही कोयतेवाला आणलात, तेव्हा फांदी कोणी ठेवायला लावली?"

मग त्या बोलू लागल्या. हात चाललेलेच होते. तांबट आदल्या वर्षीही त्याच झाडावर ठोके देऊन चाचपणी करून गेला होता. शिंपी पक्षी अडुळशावर दरवर्षी जागा बदलतो. भारद्वाज दोन आहेत; मामा ज्याला एकच समजतात तो सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. आणि थंडीच्या तोंडावर, दसऱ्याच्या पुढे-मागे, एक धोबी पक्षी मोरीच्या ओल्या फरशीवर येतो. पोटाला पिवळसर, पाठीला करडा, लांब शेपटी सारखी खाली-वर आपटीत चालणारा. तो इथला नव्हे. उन्हाळ्यात हिमालयाच्या बाजूला असतो, हिवाळ्यात खाली उतरतो. सांडलेल्या पाण्यातले बारीक किडे वेचतो. मामी धुणे आपटीत असल्या तरी चार हातांवर निर्धास्त फिरतो. "एवढा एकच मला धुण्याला सोबत करतो," त्या म्हणाल्या. मामांनी त्याला एकदाही पाहिले नव्हते. मोरी झोपाळ्यावरून दिसते. पण तिकडे मामी काम करीत असत, आणि काम करणाऱ्या माणसाकडे आपण बघत नाही.

म्हणजे पाहण्यासाठी रिकामेच असावे लागते, हा माझा सिद्धांत तिथेच कोसळला. मामी वर्षानुवर्षे पाहत होत्या, आणि खात नसलेल्या पक्ष्याचा आव न आणता पाहत होत्या. फरक एवढाच, की त्यांचे पाहणे कोणी विचारीत नव्हते.

मामांच्या आणि त्यांच्या पाहण्यात आणखीही एक अंतर होते. ते मला वैशाखात दिसले. जास्वंदीत बुलबुलांनी वाटीएवढे घरटे केले होते आणि आत तीन पिले होती. एका सकाळी मी गेलो, तेव्हा मामा झोपाळ्यावरून उठून उभे होते. बुलबुले जिवाच्या आकांताने ओरडत होती. फांदीवरून एक धामण सावकाश वर चढत होती. मी काठी शोधू लागलो. मामींनी मला थांबविले. "ती विषारी नाही, आणि ती काही तुझ्या घरी चोरीला आलेली नाही. तिला पोट आहे." आम्ही तिघे उभे राहून पाहत राहिलो. दोन पिले गेली. तो देखावा सुखाचा नव्हता, आणि तो सुखाचा आहे असे कोणी भासवू नये. तिसरे पिलू गडबडीत खाली अडुळशात पडले.

दुपारी त्या तिसऱ्या पिलावर घरची मांजर टपली. तेव्हा त्याच मामी हातातले पातेले टाकून धावल्या, मांजरीला पाठीत एक फटका देऊन घरात कोंडले, आणि पिलू उचलून घरट्यात ठेवले. मी विचारले, "मामी, सकाळी एक न्याय आणि दुपारी दुसरा?"

"दुसरा कसा?" त्या म्हणाल्या. "मांजर आपल्या दुधावर वाढली आहे. तिला भूक नाही, नुसती खोड आहे. तिने मारले तर ते आपण मारले. धामण आपण आणली का?"

नीतिशास्त्राची मोठी पुस्तके मी वाचलेली नाहीत. पण जगातल्या दुःखात आपण कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, याची इतकी स्वच्छ रेषा मला दुसरीकडे आढळलेली नाही. आपण पोसलेले जे आहे त्याचा जाब आपल्याला द्यावयाचा. बाकीच्यापुढे उभे राहून पाहावयाचे, आणि डोळे मिटावयाचे नाहीत. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचे पाहणे इथवर पोचले नाही, तर ते नुसता विरंगुळा राहते. विरंगुळ्यालाही माझी ना नाही. पण मग त्याला उपनिषदाचा आधार देऊ नये.

या वर्षात मामांच्या घरी क्रांती वगैरे झाली नाही. अडुसष्टाव्या-सत्तराव्या वर्षी क्रांत्या होत नसतात. एवढेच झाले, की दुपारचा चहा मामा करू लागले. पहिले पंधरा दिवस तो पिववत नव्हता. मामींनी दोष काढला नाही. ताव पुढे सरकू दिला. मग मामांनी दुपारची भांडीही घेतली. आणि साडेतीन ते साडेचार मामी झोपाळ्यावर बसू लागल्या. सुरुवातीला त्यांना तिथे बसवत नसे. मांडीवर तांदूळ तरी घ्यावयाच्या, नाही तर लसूण. रिकाम्या हातांनी बसणे ही गोष्टही शिकावी लागते, आणि ज्याने जन्मभर काम केले त्याला ती फार उशिरा येते. आषाढात मी एकदा गेलो, तेव्हा त्यांचे हात पाटावर नुसतेच टेकलेले होते. मी काही बोललो नाही. बोललो असतो, तर त्यांनी लगेच लसूण मागविला असता.

माझ्या घरचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे. कप मी स्वतः उचलून नेतो, इथवर मजल गेली आहे.

आता मूळ प्रश्न. माणसाने नुसते बसावे काय? बसावे. उपयोगाच्या तराजूत जग तोलीत राहिले, तर वाळलेली फांदी तोडली जाते आणि बिनचूक ताव दिसत नाही. कधीतरी तराजू खाली ठेवलाच पाहिजे. पण आपल्या बसण्यासाठी कोण उभे आहे, हे झोपाळ्यावरून आधी पाहावे. ते ज्याला दिसत नाही, त्याला तांबट दिसला तरी काय मोठे दिसले? झोपाळ्याचा पाट दोघांपुरता लांब असतो. तो घडविणाऱ्या सुताराला हे ठाऊक होते; बसणारे विसरले.

यंदा परवाच झोपाळा उतरला. या वेळी कड्या मामांनी घासल्या. कोळ जास्त झाला, राख डोळ्यांत गेली. पण पितळ उजळले. संध्याकाळच्या आत आम्ही तो पुन्हा टांगला आणि मामींना आधी बसविले. मामा मोरीवर हात-पाय धुवावयास गेले. तेवढ्यात कुंपणावरून काहीतरी पिवळसर उडत आले आणि ओल्या फरशीच्या कडेला उतरून शेपटी आपटू लागले. मामांनी आनंदाने "आला, आला" म्हणत हात वर केला. धोबी भुर्रकन्‌ उडून दोरीवर जाऊन बसला.

"हळू," मामी झोपाळ्यावरून म्हणाल्या. "त्याला अजून तुमची सवय नाही. पाणी सांडत राहा. येईल तो."

मामा तांब्या घेऊन थोडे-थोडे पाणी ओतीत राहिले. आम्ही दोघे वाट पाहत होतो. थोड्या वेळाने तो उतरला.